बिनखोडीची गाडी

विमा संपायला अकरा दिवस होते तेव्हा समीक्षाने ठरवलं, की यंदा डोळे मिटून सही करायची नाही. गेल्या वर्षी एजंटने जिथे बोट ठेवलं तिथे तिने सही केली होती. घरी येऊन वाचलं तर गाडीच्या चावीचासुद्धा विमा उतरवलेला. चावी वर्षभर पर्समध्ये सुखरूप राहिली. एवढे पैसे भरून ती एकदाही हरवू नये, ह्याचं समीक्षाला थोडं वाईटच वाटलं होतं. म्हणून यंदा नीट बघायचं. ह्यातलं खरोखर कामाचं काय आणि नुसतं भीतीचं भाडं काय, ते निवडायचं आणि मगच पेन उचलायचं. डोळे उघडे ठेवले की पेन उचलायची वेळच टळून जाते, हे तिला पुढे कळायचं होतं.

गाडी काही मिरवण्यातली नव्हती. शहापूरच्या एका डॉक्टरांनी वापरून दिलेली, सहा वर्षांची, चंदेरी रंगाची, पाठीमागच्या दाराला एक पोचा. पण त्या गाडीने समीक्षाला अडीच तास दिले होते. सापगावहून मुरबाडच्या कारखान्यात जीप आणि एसटी करत गेलं तर घरी यायला आठ वाजत. गाडी आल्यापासून ती साडेपाचला दारात. तीन वर्षांची लेक कुणाली आठ वाजता आजीच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली असायची. साडेपाचला मात्र ती ओट्याच्या पायरीवर उभी असते, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात आजोबांची. साडेपाच ते आठ ह्या वेळात माणूस किती बोलतं, किती पडतं, किती जेवतं आणि त्यातलं किती सांडतं, हे समीक्षाला गाडी आल्यावरच कळलं होतं.

नवऱ्याचं, म्हणजे दीपेशचं म्हणणं सरळ होतं. "थर्ड पार्टी घे. पोलिसाने अडवलं तर दाखवायला तेवढं बास."

"आणि आपल्याच गाडीला काही झालं तर?"

"किरकोळ असेल तर वाळू मेकॅनिकच्या गॅरेजला ठोकून घेऊ. मोठा दणका बसला तर विकून टाकू. जुन्या गाडीत पुन्हा पैसे ओतायचे नाहीत, आधीच सांगून ठेवतो."

तो हे रागाने बोलला नव्हता. भिवंडीच्या गोदामात दिवसभर माल मोजणारा माणूस, हिशोबाने बोलला होता. पण समीक्षाच्या कानांनी ऐकलं ते एवढंच, की एक दणका आणि साडेपाचचे पुन्हा आठ. तेव्हाच तिने मनाशी पक्कं केलं. संरक्षण पत्र्याला नको आहे, साडेपाचला हवं आहे. आणि त्याला लागेल तेवढं ती घेणारच. फक्त तेवढं म्हणजे किती, हे शोधायचं होतं.

शहापूरला झेरॉक्सच्या दुकानातल्या अर्ध्या टेबलावर सुयोगचं विमा कार्यालय होतं. सुयोग मोठा गोड मुलगा. लोक मोबाईलमध्ये पोराबाळांचे फोटो दाखवतात तसे तो चेपलेल्या गाड्यांचे दाखवायचा.

"मॅडम, एक सांगू? ही बघा, झाड पडलं. ही, उंदरांनी वायरी खाल्ल्या. ही ओळखता तरी येते का? पाण्यात गेली. ह्यांनी पण तुमच्यासारखंच म्हटलेलं, बघू नंतर." मग त्याने पेनाने कागदावर खोकीच खोकी काढली. थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याचं केलेलं नुकसान, ते सक्तीचं. फर्स्ट पार्टी म्हणजे आपल्या गाडीचं. त्यावर झिरो डेप, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग जुने झाले म्हणून कंपनी पैसे कापणार नाही. त्यावर इंजिन, त्यावर टायर, त्यावर चावी, आणि सगळ्यात वर रस्त्यात बंद पडली तर ओढून नेणं. जेजुरीच्या पायऱ्यांसारखं ते वर वर चढतच गेलं.

समीक्षा कागद घेऊन घरी आली आणि तिथे चूक केली. तो तिने ओट्यावर, सगळ्यांसमोर उघडला.

पहिला प्रश्न सासूबाईंचा, सकुबाईंचा. "चावीचा इमा? माज्या पेटीची चावी तीस वरसं कंबरेला हाय. कंपनी मला काय देनार?"

शेजारच्या काशीवहिनी डाळ निवडायला म्हणून आल्या आणि रिकामं सूप मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यांच्या भावाच्या गाडीला शेणव्याजवळ म्हैस आडवी आली होती. "म्हशीचं पैसं कंपनीनं दिलं गो. म्हसवाल्यानं त्यातून नवी म्हस घेतली, दूध पन चांगला देते. गाडी अजून शेडात. भाव म्हनतो, मी म्हस असतो तर बरा झाला असता."

"म्हणजे थर्ड पार्टीत म्हैस येते," समीक्षाने वहीत लिहिलं.

"म्हस कशी येल?" ओट्याच्या कोपऱ्यातून सासरे बोलले. "पार्टी मानसाची असते. म्हस कुनच्या पार्टीत नसते."

"पार्टी म्हणजे इथे निवडणुकीची नाही, बाबा."

"मग मटनाची तरी हाय का?"

ह्यावर पाऊण तास गेला. म्हैस तिसरी पार्टी की म्हशीचा मालक तिसरी? मालक आपलाच भाऊबंद असेल तर? आणि आपलीच म्हैस, आपल्याच गाडीखाली, आपल्याच अंगणात आली तर कोण कुणाला देणार? इथे सकुबाई ताडकन उठल्या. "माज्या गाभन म्हशीचा मरन कशाला काढताव तिन्हीसांजंचं?" म्हणून म्हशीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायला गेल्या. विम्याची चर्चा त्या दिवसापुरती संपली.

सासऱ्यांचं, गणूबाबांचं, विम्याशी जुनं वैर होतं. चाळीस वर्षं त्यांनी मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलांचा व्यापार केला. एकदा कुणाच्या तरी नादाने एका बैलाचा विमा उतरवला, बैलाच्या कानात बिल्ला ठोकला. बिल्ला कुठेतरी करवंदीच्या जाळीत पडला आणि पाठोपाठ बैल मेला. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. "म्हनाले, बिल्ल्यासकट कान आनून दाखव," गणूबाबा दर खेपेला नव्या संतापाने सांगायचे. "ह्या तुज्या डबड्याचा कान कुठला? मेला तर काय कापून नेनार?" गाडीला ते 'डबडं'च म्हणत. घरात येऊन वर्ष झालं तरी तिच्यात एकदाही बसले नव्हते. "पाय हायेत," म्हणायचे आणि विषय संपवायचे.

समीक्षा हटली नाही. ती कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होती. औषधांच्या खोक्यांवर मुदतीची तारीख नीट छापली आहे की नाही, हे तपासणं तिचं काम. आकडा केसभर सरकला तरी ती अख्खा गठ्ठा परत पाठवायची. यंत्रावरचे लोक तिला मागून 'तारीखबाई' म्हणत. तर तारीखबाईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून वहीत तक्ता आखला. काय घडू शकतं, किती वेळा, घडलं तर किती अडेल. रात्रंदिवस मोकाट फिरणारी गुरं, वळणावरचे रेतीचे डंपर, पाऊस, उंदीर. संध्याकाळी 'किती अडेल'च्या रकान्यात कुणालीने पाच पायांची म्हैस काढली. समीक्षाने ती खोडली नाही, रकानाच दुसऱ्या पानावर नेला. आणि चौदा तारखेला, शेवटच्या दिवशी, निर्णय पक्का करून, गाडी घरी लावून, दीपेशच्या मोटरसायकलवर बसून ती सुयोगकडे गेली.

सुयोगने कागद पाहिला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, काल रात्री बारा वाजता गेली."

"कोण गेली?"

"पॉलिसी."

कागदावर लिहिलं होतं, 'चौदा तारखेच्या शून्य वाजेपर्यंत'. समीक्षाने त्यातले चौदा वाचले होते, शून्य वाचलं नव्हतं. जिच्या हाताखालून एक खोकं चुकीच्या तारखेने बाहेर पडलं नाही, तिच्या स्वतःच्या घरात मुदत संपलेला माल निघाला होता. आणि आज दिवसभर ती त्या गाडीने मुरबाडला जाऊन आली होती!  दीपेशने कागदावरच्या त्या शून्यावर नुसतं बोट ठेवलं. 

"घाबरू नका," सुयोग म्हणाला. "एक दिवस जरी खंड पडला तरी कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी बघतो. त्याने चांगली म्हटलं की फर्स्ट पार्टी. तोवर गाडी बाहेर काढू नका."

तर गाडी अंगणात उभी राहिली. तिच्याखाली कोंबडीने लगेच बस्तान मांडलं. समीक्षा बुधवारी जीपने गेली, एसटीने आली. ओट्यावर आठ वाजता दिवा होता आणि पायरीवर एक चप्पल होती. कुणाली झोपली होती. "वाट बगत बगत तिथंच आडवी झाली," सकुबाई म्हणाल्या. "जेवली नाय."

दीपेशला वाईट वाटलं, आणि त्याला वाईट वाटलं की तो उपाय सांगायचा. "एवढा त्रास कशाला? मी वाळूला सांगून ठेवतो. त्याच्या गॅरेजला गिऱ्हाइकं येतात, आलं तर पाठव म्हणून. विकून मोकळं होऊ. तूही इकडेच शहापूरला काहीतरी बघ."

"शहापूरला काय बघू? मुरबाडला मी सहा वर्षांत तपासनीस झाले. इथे पुन्हा खोकी चिकटवू?" समीक्षा ताडकन म्हणाली. "पाहणी होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही."

पण हे वाक्य तिने स्वयंपाकघरात म्हटलं आणि दीपेशचं वाक्य ओट्यावर झालं होतं. ओट्यावर गणूबाबा पानाला चुना लावत बसले होते. त्यांना पहिलं ऐकू आलं, दुसरं नाही.

गुरुवारी दुपारी काय घडलं ते समीक्षाला पुढे सासूबाईंकडून कळलं, काशीवहिनींकडून जरा जास्तच कळलं. एक माणूस मोटरसायकलवरून आला. 'गाडी बघायची आहे' एवढंच म्हणाला आणि बघायला लागला. तो गाडीभोवती सावकाश फिरला. खाली बसून पोटाखाली बघितलं. पाठीवर थाप मारली. तोंड उघडून आत डोकावला. आता चाळीस वर्षं ज्याने म्हशाच्या माळावर माणसं अशी गोल फिरताना, थाप मारताना आणि दात बघताना पाहिली, त्याला हा माणूस कोण आहे हे विचारावं लागत नाही.

गणूबाबा टोपी सारखी करून ओट्यावरून उतरले.

"सायेब, आधीच सांगतो. आमी फसवाफसवी करत नाय. सकाळची उठत नाय ही."

"सुरू होत नाही?"

"चार जनांनी ढकलायची. उठली तर चढाला बसते."

"बसते म्हणजे?"

"बसते म्हंजे बसते. पुडं पाऊल टाकत नाय. उजव्या अंगाला ओढते. अंधारात डोल्यांनी कमी दिसतं. आनि पानी! ढोसते नुसती."

"अपघात वगैरे?"

"किती सांगू? मोजायचा सोडला आमी." मग गणूबाबांना रंग चढला. व्यापारात माल खपवायला जेवढी अक्कल लागते त्याच्या दुप्पट तो न खपवायला लागते, आणि ती दाखवायची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. "मागल्या मालकाला लाभली नाय. डाक्टर व्हता, तरी आजारी पडला."

माणूस सगळं लिहून घेत होता. गिऱ्हाईक लिहून का घेतंय, असं काशीवहिनींच्या मनात आलं होतं म्हणे. त्या बोलल्या मात्र नाहीत, कारण रंगलेल्या खेळात मध्ये उठू नये. माणूस निघून गेल्यावर गणूबाबा परत ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या डबड्याकडे नीट बघितलं. खालच्या कोंबडीला "हाड" म्हणून हुसकावलंसुद्धा. रात्री समीक्षा आली तेव्हा पुन्हा आठ वाजले होते, पोर पुन्हा झोपली होती, आणि गणूबाबा आपल्याच मिशीत हसत होते. तिला वाटलं, म्हातारपण.

शुक्रवारी कारखान्यात तिच्या मोबाईलवर अहवाल आला. विमा देण्याची शिफारस नाही. कारणं सात. पूर्वीचे अपघात: अनेक. दिवे: अपुरे. पाण्याची गळती: गंभीर. वाहन चढावर बसते.

पहिली तीन कारणं वाचताना तिला कंपनीचा राग आला, चौथं वाचताना वाळूचा संशय आला, गाडी स्वस्तात मिळावी म्हणून त्यानेच काही सांगितलं की काय. पण 'बसते' ह्या शब्दापाशी ती थांबली. गाडी चढावर बंद पडते, दम तोडते, मागे येते. बसतो तो बैल. तिच्या ओळखीत हा शब्द इतक्या सहज वापरणारा एकच माणूस होता.

"बाबा," घरी आल्या आल्या, पर्स खांद्यावरच ठेवून ती म्हणाली, "आपली गाडी चढाला बसते?"

गणूबाबांनी पानदान पुढे ओढलं. "कोन म्हनतो?"

"कंपनी म्हणते. तो विम्याचा माणूस होता. गाडी चांगली आहे की नाही ते बघायला आलेला."

गणूबाबांनी पुढे ओढलेलं पानदान परत मागे सारलं.

"गिऱ्हाईक नव्हता?"

"नाही, बाबा."

"मग पोटाखाली कशाला बगत व्हता?" गणूबाबा दुखावल्या आवाजात म्हणाले. "इम्यावाल्यानं कागद बगावा. पोटाखाली गिऱ्हाईक बगतो."

समीक्षाला ओरडायचं होतं. सबंध जीपच्या प्रवासात तिने वाक्यं तयार केली होती, चांगली धारदार. पण त्यातलं पहिलं ओठांवर येता येता तिला दुसरंच काहीतरी सुचलं. डबडं, डबडं म्हणणारा हा माणूस गिऱ्हाईक हाकलत का होता? तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पटकन चुन्याच्या डबीकडे बघितलं. तयार केलेली सगळी वाक्यं तिने गिळली आणि भाताकडे गेली.

सुयोगने फोनवर एक मार्ग सांगितला. रविवारी तोच माणूस पुन्हा येईल. पण ज्याने तोंडी सांगितलं त्यानेच ते लेखी मागे घ्यायला हवं, सहीनिशी.

"शब्द मागं घ्यायचा?" गणूबाबा उभेच राहिले. "चाळीस वरसं बैल इकला. खोड सांगितली ती सांगितली, किंमत बोललो ती बोललो. लोक मुरबाडच्या पलीकडून येत व्हते, गणूचा शब्द म्हनून. आता सत्तरीला आलो नि चार लोकांत सांगू का मी शब्द फिरवला?" आणि ते सगळ्यांकडे पाठ करून बसले. त्या पाठीशी बोलायची सोय नसते. सकुबाई पन्नास वर्षांत बोलू शकल्या नव्हत्या.

शनिवारी समीक्षाने सुट्टी काढली. कुणालीला दुपारची झोपवून ती निवेदन लिहायला बसली. सासऱ्यांच्या मानाला कुठे ओरखडा पडू नये म्हणून एकेक शब्द तोलून लिहिला. 'वयोमानानुसार ऐकण्यात चूक झाल्याने माझा गैरसमज झाला व त्यातून काही अनवधानाने...' तीन कागद फाडले, चौथा चांगला उतरला. तो घेऊन ती ओट्यावर गेली आणि पाठीला वाचून दाखवला.

पाठ हलली नाही. मग म्हणाली, "गैरसमज कुनाचा झाला?"

"तुमचा. तो कोण ते कळलं नाही म्हणून..."

"कोन ते कळला नाय, ते येगळा. पन गाडीबद्दल मला काय गैरसमज नाय झाला. सकाळची पयल्या फटक्यात उठते, ते मला ठावं हाय. रोज ऐकतो मी." गणूबाबा वळले. "वयोमान बियोमान काय लिवते गो? कान शाबूत हायेत माजे. मी खोटा बोललो. लिवायचा तर तसा लिव."

"बाबा, चार लोकांत वाचतील ते."

"वाचू दे. खोटा बोललो तर बोललो म्हनायचा. चुकून बोललो म्हनायचा, तो शब्द फिरवना झाला."

हा कायदा समीक्षाला नवा होता. तिने पाचवा कागद घेतला. पहिल्यांदाच एकाही शब्दाला अडली नाही.

रविवारी अंगण भरलं. काशीवहिनी आज खरीखुरी डाळ घेऊन आल्या होत्या, म्हणजे बैठक लांबणार हे त्यांनी ओळखलं होतं. सुयोग मोबाईल चार्ज करून आला. दीपेशने सकाळी सहालाच गाडी धुतली होती, कोंबडीचं पीस टपावरून काढलं होतं, आणि ह्याचा अर्थ कुणी काढू नये म्हणून नंतर मोटरसायकलही धुतली. पाहणीवाला आला तो अंगणाच्या टोकाशीच उभा राहिला. मागच्या मालकाला आजार लागलेल्या गाडीजवळ माणूस जपूनच येतो.

समीक्षाने चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दिवे लागले. पुढे गेली, मागे आली, अंगणातला चढ चढली, कुठेही बसली नाही. पाहणीवाल्याने पोटाखाली बघितलं तेव्हा गणूबाबांनी तोंड दुसरीकडे केलं. पाठच्या दाराचा पोचा सोडला तर काही निघालं नाही.

"आता ते निवेदन," तो म्हणाला, आणि समीक्षाचा कागद वाचून गोंधळला. "'गाडीच्या सांगितलेल्या सर्व खोडी खोट्या आहेत. मी जाणूनबुजून खोटे बोललो.' आजोबा, असं कुणी लिहीत नाही हो. गैरसमज लिहूया का?"

"नाय," गणूबाबा म्हणाले. "लेखनी तिची हाय, पन शब्द माजा हाय."

"बरं. पण आमच्या फॉर्मवर कारणाचा एक चौकोन आहे. खोटं का सांगितलं?"

काशीवहिनींचं सूप थांबलं. गणूबाबांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"तुमी गिऱ्हाईक हाव, असा वाटला. गाडी गेली असती तर सूनबाई रोज आठला आली असती. पोर पायरीवर बसते. आमी घास भरवतो तर तोंड फिरवते, म्हनते आई येल मग. बुधवारची सांज बगितली मी. तसली रोज बगवली नसती."

"चौकोन लहान आहे, आजोबा," पाहणीवाला हळूच म्हणाला. "थोडक्यात सांगा."

गणूबाबांनी विचार केला. "लिवा," ते म्हणाले, "पोर वाट बगते."

त्याने तेच लिहिलं. गणूबाबांनी खाली सही केली, जोडाक्षरं नसलेल्या नावाची, सावकाश, चाळीस वर्षांच्या सौद्यांत करायचे तशी. दीपेश एकाएकी मोटरसायकलचा आरसा पुसायला लागला.

"मग मॅडम," सुयोगने योग्य वेळ साधली, "आता सगळंच टाकू ना? पूर्ण पॅकेज? एवढं झाल्यावर आता जोखीम नको."

खरं तर आठवड्यापूर्वी ती हो म्हणाली असती. तिने वही उघडली. तक्त्यात तिने घाबरत घाबरत सगळ्याच ओळींपुढे बरोबरच्या खुणा केल्या होत्या. तिने सासऱ्यांकडे बघितलं. "बाबा, बैलाचं तुम्ही काय करायचात? काय झालं तर घरी निस्तरायचं आणि काय नाही?"

गणूबाबांना कुणी धंद्यातला सल्ला विचारून बरीच वर्षं झाली होती. ते खाकरले. "शिंग खरचटला, हलद लावायची. खूर दुखला, पाला बांदायचा. त्याला कोन कुनाकडं जातो? पन बैल उलथला तर पेरनी अडते, घर बसते. त्येवड्यालाच भ्यायचा. सगल्याला भ्याला तर बैलच पालू नये मानसानं."

समीक्षाने पेन घेतलं आणि उभ्या उभ्या खुणा खोडल्या. "सुयोग, लिहा. फर्स्ट पार्टी हवी, पूर्ण. गाडीची किंमत आहे तेवढीच टाका; हप्ता कमी दिसावा म्हणून ती खाली आणू नका. उद्या गाडीच गेली तर मला दुसरी घेता आली पाहिजे. प्रत्येक दुरुस्तीतले पहिले पाच हजार आम्ही भरू, त्याने जेवढं कमी होईल तेवढं करा. टायर नको. झिरो डेप नको, प्लॅस्टिक आम्ही वाळूकडून बघून घेऊ. पाण्याचं नको; पुलावर पाणी असेल तर मी अलीकडेच थांबेन."

"उंदीर, मॅडम?"

"मांजर आहे."

"थर्ड पार्टी तर आलीच," सुयोग खिन्नपणे लिहीत म्हणाला, "आणि चालवणाऱ्याचा अपघात विमा."

"तो असू दे." एवढं म्हणून ती दीपेशकडे वळली. "चालेल?"

दीपेशने मनात बेरीज केली, ती त्याच्या तोंडावर दिसली. थर्ड पार्टीहून बरंच जास्त होतं, सुयोगच्या पायऱ्यांहून बरंच कमी. "विकायचं मी उगाच बोललो," तो म्हणाला, आणि मोबाईल काढून पैसे भरले.

तीन वाजून वीस मिनिटांनी समीक्षाच्या मोबाईलवर पॉलिसी आली. तिने तारीख वाचली. वेळ वाचली. शून्य कुठे आहे ते दोनदा बघितलं, मग सुयोगला बघायला लावलं.

"चला, फिरून येऊ," ती म्हणाली. कुणाली आधीच मागच्या सीटवर आजीच्या मांडीशी जाऊन बसली होती. गणूबाबा दाराशी उभे होते.  त्यांनी पुढचं दार उघडलं, सीट हाताने दाबून बघितली, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि आत बसले.

"बाबा, चपला घ्या आत. देवळात नाही चाललो."

"आसू दे. सोमवारी येशील ना साडेपाचला?"

"येईन की."

"मग झाला," म्हणून त्यांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली.

समीक्षाने गाडी सुरू केली, क्लच सोडला, आणि तिला समोरचं काही दिसेनासं झालं. अंगण, माणसं, पाहणीवाल्याची मोटरसायकल, सगळं पाण्यात गेल्यासारखं हललं. पाय जिथे पडायचा तिथे पडला नाही. गाडीने एक मोठा झटका दिला आणि अंगणाच्या तोंडाशी, पाहणीवाल्याच्या पुढ्यात, गप्पकन बंद पडली.

हेल्मेट चढवत असलेला पाहणीवाला थांबला. त्याने गाडीकडे बघितलं आणि हळूहळू खिशातल्या पेनाकडे हात नेला.

गणूबाबांनी काच खाली करायची खटपट केली, ती जमेना, तेव्हा दारच उघडून अर्धे बाहेर वाकले आणि अख्ख्या सापगावला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ओ सायेब, लिवू नका! ही गाडीची खोड नाय, आमची सून रडते हाय!"